ब्यूफर्टला एक दिवस: आधी गोष्ट, मग घरं

सगळ्यात आधी नावाचं बघू, कारण आमच्या ओळखीतलं एक कुटुंब नावापायीच चुकलं. दक्षिण कॅरोलायनातलं हे गाव ‘ब्यूफर्ट’. अगदी याच स्पेलिंगचं दुसरं गाव उत्तर कॅरोलायनात आहे, त्याचा उच्चार ‘बोफर्ट’. तेही जुनं, तेही पाण्याकाठचं. फोनला नुसतं गावाचं नाव सांगून मंडळी गप्पा मारत निघाली आणि आपण भलत्याच राज्याकडे चाललोय हे त्यांना पुढच्या गॅस स्टेशनवर कळलं. तेव्हा नकाशात राज्याचं नाव घालायला विसरू नका. आणि तिथल्या माणसांसमोर ‘बोफर्ट’ म्हणू नका. पुणेकराला मुंबईकर म्हटल्यावर जे होतं ते होतं.

शार्लट, अटलांटा, रॉलेकडची आपली मंडळी लाँग वीकेंडला चार्ल्स्टन, सव्हाना किंवा हिल्टन हेड गाठतात. हा लेख त्यांच्यासाठी, विशेषतः अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी. त्या तीन दिवसांतला एक ब्यूफर्टला द्या. सव्हानाहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे, चार्ल्स्टनहून दीड तासाचा. शार्लटहून थेट जाऊन त्याच रात्री परतायचं म्हटलं तर एका बाजूचे चार तास धरा. एकदा आम्ही ते केलंय, दुसऱ्यांदा करणार नाही.

कधी जायचं

मार्च ते मेचा मध्य, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा म्हणजे मे महिन्यातलं रत्नागिरी, फक्त आंबे नाहीत. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो, म्हणून त्या काळात हॉटेल घेताना पैसे परत मिळतील असंच घ्या. वसंतात आणि शरदात संध्याकाळी ‘नो-सी-अम’ नावाची चिलटं चावतात. नावाप्रमाणेच ती दिसत नाहीत, पण खाज दोन दिवस पुरते. फवारा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सोबत ठेवा.

वार शक्यतो शनिवार धरा. रविवार-सोमवारी संग्रहालयांच्या वेळा बेभरवशाच्या असतात, म्हणून आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर तपासून निघा. शुक्रवार टाळलेला बरा. शेजारच्या पॅरिस आयलंडवर मरीन सैनिकांचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांचा दीक्षान्त सोहळा शुक्रवारी असतो आणि दुपारी देशभरातून आलेले आई-बाप गावातल्या खानावळींत जेवायला येतात.

आणखी एक तयारी, जी बहुतेक लोक करत नाहीत: भरती-ओहोटीची वेळ बघा. इथे पाणी सात-आठ फूट चढतं-उतरतं. भरतीला गावासमोर भरलेली निळी खाडी दिसते. ओहोटीला तिथेच राखाडी चिखल, कालवांच्या धारदार शिंपल्यांचे ढीग आणि सडक्या अंड्यासारखा वास असतो. त्या चिखलाला ‘प्लफ मड’ म्हणतात आणि स्थानिकांना तो वास म्हणजे माहेर. आपल्याकडे खाजणाच्या कडेला वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागणार नाही. जमलं तर दोन्ही रूपं दिसतील असा दिवस आखा: सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती, किंवा उलट.

रस्ता

गाडीशिवाय इथे जाणं व्यवहारात अशक्य. शार्लट किंवा अटलांटाकडून येणारे आय-९५ वर एक्झिट ३३ घेऊन यूएस-१७ ने गार्डन्स कॉर्नरपर्यंत जातात आणि तिथून यूएस-२१ ने गावात शिरतात. चार्ल्स्टनहून येणाऱ्यांना मात्र यूएस-१७ चा सर्वात सुंदर तुकडा मिळतो. ॲशपू, कॉम्बाही आणि एडिस्टो या तीन नद्यांचा हा दलदलीचा मुलूख आहे. गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचं नाव कॉम्बाहीवरच्या पुलाला दिलंय. तिथे वेग कमी करा.

पुलाच्या आजूबाजूला जी सपाट, बांधांनी आखलेली गवताळ पाणथळ दिसते, ती एके काळची भातखाचरं आहेत. नदीचं गोडं पाणी भरतीच्या रेट्याने वर चढायचं, तेव्हा बांधातल्या लाकडी दारांतून ते आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. या दारांना तिथे ‘ट्रंक’ म्हणतात. रायगडात खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, गोव्यात मानस, त्याचीच ही बहीण. फरक इतकाच की आपली उघाडी भरतीचं खारं पाणी बाहेर अडवते आणि ही भरतीचंच पाणी आत बोलावते. हे भाताचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांसोबत आलं. चिखल उपसून हे बांध घातले तेही त्यांनीच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, २ जून १८६३ च्या पहाटे, टबमन उत्तरेच्या सैन्याच्या बोटींसोबत याच नदीत शिरली आणि त्या एका मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम सुटले.

वाटेत शेल्डन चर्चचे विटांचे भग्न खांब पाहायला थोडी वाट वाकडी करावी लागते. वेळ असेल तरच करा.

गावात पहिलं काय

नदीकाठच्या वॉटरफ्रंट पार्कला लागून मरीनाचं, म्हणजे होड्यांच्या धक्क्याचं, पैसे भरून वापरायचं वाहनतळ आहे, गाडी तिथे लावा. गाव इतकं लहान आहे की दुपारपर्यंत तिला परत हात लावावा लागत नाही.

आता माझा आग्रहाचा मुद्दा. गाडीतून उतरल्यावर पाणी दिसेल, झोपाळे दिसतील, बे स्ट्रीटवरची दुकानं दिसतील. तिकडे जाऊ नका. आधी क्रेव्हन स्ट्रीटवर जुन्या अग्निशमन केंद्राची इमारत गाठा. तिथे ‘रीकन्स्ट्रक्शन एरा नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’चं माहिती केंद्र आहे. प्रवेश फुकट.

आम्ही पहिल्या वेळी उलट केलं होतं. घरं पाहिली, ओकच्या झाडांखाली फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं, ‘छान गाव आहे’ म्हणून परतलो. दुसऱ्या वेळी पाऊस आला म्हणून आडोशाला या केंद्रात शिरलो, आणि बाहेर पडलो तेव्हा तीच घरं वेगळी दिसू लागली. म्हणून हा क्रम.

थोडक्यात गोष्ट अशी. गाव वसलं १७११ साली, चार्ल्स्टननंतरचं या राज्यातलं दुसरं सर्वात जुनं. आधी नीळ आणि मग ‘सी आयलंड’ जातीचा लांब, रेशमासारख्या धाग्याचा कापूस यांवर इथले मळेवाले गबर झाले. उन्हाळ्यात मळ्यावरचा ताप आणि डास टाळून राहायला त्यांनी गावात हवेशीर घरं बांधली. कष्ट गुलामांचे. ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमाराने गावाजवळच्या पोर्ट रॉयल खाडीच्या तोंडावरचे दोन किल्ले काही तासांत पाडले आणि गोरे मळेवाले घरंदारं टाकून पळाले. मागे राहिले आसपासच्या बेटांवरचे सुमारे १०,००० कृष्णवर्णीय. यादवी युद्ध आणखी साडेतीन वर्षं चालायचं होतं, पण इथे त्याच दिवसापासून पुढचा प्रश्न उभा राहिला: गुलामगिरी संपल्यावर जमीन कुणाची, शाळा कुठे, मत कुणाला? ‘रीकन्स्ट्रक्शन’ म्हणजे फेरउभारणीचा तो काळ. त्याचं राष्ट्रीय स्मारक २०१७ मध्ये, अगदी उशिरा, जाहीर झालं आणि ते इथेच का, हे आता कळेल.

घरं शाबूत का राहिली त्याचंही उत्तर यातच आहे. लवकर ताब्यात आल्यामुळे गाव जळलं नाही. मालक गेलेल्या घरांत सैन्याने इस्पितळं आणि कचेऱ्या थाटल्या.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. पोर्ट रॉयलच्या याच पाण्यात उत्तरेच्या आरमाराने तळ ठोकला आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी चालवली. अमेरिकन कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरबाजाराचं ते वेड, बॅक बेच्या भरावाच्या कंपन्या, १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटलेला फुगा, हे सगळं आपण मुंबईचा इतिहास म्हणून वाचतो. त्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या सगळ्याचं एक टोक ब्यूफर्टच्या खाडीत बांधलेलं आहे, हे मला या केंद्राच्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा उमगलं.

मुलं बरोबर असतील तर काउंटरवर ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका मागा. ती सोडवली की बिल्ला मिळतो. दहा वर्षांचं पोर अर्धा तास गप्प राहतं, आपल्याला भिंतीवरचं वाचता येतं.

पायी फेरी

केंद्रातून बाहेर पडून क्रेव्हन स्ट्रीटनेच टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चकडे चला. अंगणात रॉबर्ट स्मॉल्स यांची समाधी आणि अर्धपुतळा आहे. शेजारी २०२४ साली उभारलेलं टबमनचं स्मारक.

स्मॉल्स १८३९ मध्ये याच गावात, मालकाच्या घरामागच्या खोपटात जन्मले. पुढे चार्ल्स्टन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या आगबोटीवर ते सुकाणू धरायचे. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले पाहून त्यांनी बोट सोडली, वाटेत बायकामुलांना चढवलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि प्रत्येक किल्ल्यासमोर शिट्टीचा बरोबर इशारा देत तोफांच्या टप्प्यातून बाहेर पडले. उत्तरेच्या जहाजांनी गोळी घालू नये म्हणून वर पांढरी चादर फडकवली. वय २३. त्यांना जे बक्षीस मिळालं त्यातून त्यांनी पुढे करथकबाकीच्या लिलावात एक घर घेतलं: ५११ प्रिन्स स्ट्रीट, ज्याच्या मागे ते गुलाम म्हणून जन्मले होते तेच. तिथेच १९१५ मध्ये वारले. मधल्या काळात पाच वेळा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या वर्षी स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते. समाधीसमोर उभं राहिल्यावर हे आठवतंच.

चर्चपासून प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्या घरापर्यंत चालत जा. बाहेरूनच बघायचं. पुढे पूर्वेकडे ‘द पॉइंट’ नावाची जुनी वस्ती लागते. इथली बरीच घरं खाजगी आहेत आणि त्यांत माणसं राहतात, म्हणून फाटक उघडं दिसलं तरी अंगणात शिरायचं नाही. ओसरीवर कुणी बसलं असेल तर हात हलवून ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. दक्षिणेत न बोलता पुढे जाणं उद्धट समजतात.

घर कसं वाचायचं ते सांगतो. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आराखडा, दक्षिणेला तोंड, दुमजली रुंद ओसरी: सगळा खटाटोप नदीवरचा वारा पकडायचा. घर जमिनीपासून उचललेलं असतं. खालचा पाया नीट बघा, त्यात शिंपल्या दिसतील. ही ‘टॅबी’. दगड नसलेल्या या बेटांवर कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करायचे, त्यात वाळू, राख, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या घालून साच्यात ठोकायचे. कोकणात शिंपल्यांच्या चुनाभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत ते पायाला हात लावल्याशिवाय राहणार नाहीत. (रस्त्यालगतच्या कुंपणभिंतीला लावा, घराला नको.) ओसरीचं छत फिकट निळं रंगवलेलं दिसलं तर तो ‘हेंट ब्लू’. हेंट म्हणजे भूत. निळं पाहून ते आत येत नाही, अशी इथल्या गला लोकांची, म्हणजे या बेटांवरच्या गुलामांच्या वंशजांची, समजूत.

ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा म्हणजे स्पॅनिश मॉस. ते मॉस नाही आणि स्पेनचंही नाही, अननसाच्या कुळातलं झाड आहे. जमिनीवर पडलेलं आठवण म्हणून गाडीत घेऊ नका, त्यात बारीक किडे असतात.

भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर मरीनाजवळून घोडागाडीच्या फेऱ्या निघतात. तासभर बसून गाव होतं.

जेवण

मासे खाणाऱ्यांचा प्रश्न नाही. ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’ मागवा: मक्याच्या भरड कण्यांची मऊ खीर, गोड नसलेली, वर कोळंबी. ‘फ्रॉगमोर स्ट्यू’ नावावर जाऊ नका, त्यात रस्सा नसतो. कोळंबी, कणसाचे तुकडे, बटाटे आणि सॉसेज एकत्र उकडून ताटात ओततात. फ्रॉगमोर हे सेंट हेलिना बेटावरच्या वस्तीचं नाव.

शाकाहाऱ्यांनी मात्र प्रत्येक पदार्थाला प्रश्न विचारायचा. कॉलर्ड ग्रीन्स ही दिसायला निरागस पालेभाजी बहुतेक वेळा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजते. ग्रिट्समध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं, हश पपीज या मक्याच्या भज्यांत अंडं असतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, ‘यात मांसाचा रस्सा किंवा चरबी आहे का’ असं विचारा. तळलेले हिरवे टोमॅटो बहुधा चालतात, पण पिठात अंडं आहे का, ते विचारा. आम्ही आता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊनच जातो आणि नदीकाठच्या झोपाळ्यावर बसून खातो. कुणी हटकलेलं नाही. चहा मागितलात तर बर्फ घातलेला, पाकासारखा गोड येईल. गोड नको असेल तर ‘अनस्वीट’ म्हणा. बिलावर १८ ते २० टक्के टिप धरा.

दुपार: दोनांतलं एक

जेवून वुड्स मेमोरियल पुलावरून पलीकडे निघा. हा पूल आडवा फिरतो. मोठी शिडाची बोट आली की रस्ता बंद, पूल बाजूला, आणि तुम्ही रांगेत. चिडू नका, खाली उतरून बघा.

पुढे सेंट हेलिना बेटावर पेन सेंटर आहे (गणपतीच्या पेणशी संबंध नाही). १८६२ मध्ये, युद्ध चालू असताना, लॉरा टाउन आणि एलन मरी यांनी सुटलेल्या गुलामांसाठी इथे शाळा सुरू केली. रस्त्यापलीकडचं विटांचं चर्च गुलामांनीच १८५५ मध्ये बांधलं होतं. त्यांना बसायला तेव्हा फक्त वरचा सज्जा होता. शाळेचे वर्ग काही काळ त्याच चर्चमध्ये भरले. शंभर वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांसह बैठकांना याच आवारात येत, कारण गोरे-काळे एकत्र राहू शकतील अशा जागा दक्षिणेत विरळाच होत्या. संग्रहालय लहान आहे, तास पुरतो.

बेटावर फिरताना मोकळी शेतं, फिरती घरं आणि जुनी झाडं दिसतात, बंदिस्त रिसॉर्ट दिसत नाही. तो योगायोग नाही. १९९९ पासून इथे गोल्फ मैदानं, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहतींना मनाई आहे. युद्धकाळात इथल्या मुक्त माणसांनी घेतलेली जमीन मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेली, कागदावर तीस-चाळीस वारस. दूरच्या एका चुलतभावाने आपला हिस्सा विकला की विकत घेणारा कोर्टात जाऊन अख्खी जमीन लिलावाला काढू शकायचा. सामाईक सातबारा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. हिल्टन हेडवर पूर्वी अशा जमिनी जाऊन रिसॉर्ट उभी राहिली ते पाहून या बेटाने नियमांचं कुंपण घातलं.

दुसरा पर्याय हंटिंग आयलंड स्टेट पार्क, गावापासून १६ मैलांवर. लहान मुलं असतील आणि इतिहास पुरे झाला असेल तर इकडे. प्रवेशशुल्क आहे. समुद्र किनारा खात चाललाय, त्यामुळे वाळूत उभी-आडवी पडलेली वाळकी झाडं दिसतात. १८७५ चं दीपगृह ओतीव लोखंडाच्या तुकड्यांचं आहे, कारण समुद्र जवळ आला की उचलून मागे नेता यावं; १८८९ मध्ये खरंच नेलं. वर चढता येतं का ते आधी तपासा. गोड्या पाण्याच्या डबक्याजवळ मुलांना सोडू नका, सुसरीच्या भावकीतले ॲलिगेटर असतात.

दोन्ही एका दुपारी करायचा मोह होईल. आम्हालाही झाला होता, दोन्ही अर्धवट राहिली.

परतताना

सूर्यास्ताला परत वॉटरफ्रंट पार्कला या. आता झोपाळे तुमचे. नशिबात असेल तर डॉल्फिनचा पंख दिसतो, नसेल तर डोक्यावरून मरीन दलाचं लढाऊ विमान नक्की जातं.

निघण्याआधी गाडीत गॅस भरा, कारण यूएस-१७ च्या दलदलीच्या पट्ट्यात दिवे नाहीत, पंप कमी आणि हरणं फार. वेग आवरा. दिवसा वाटेत ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी लावलेली टपरी दिसली असेलच, उघडी असेल तर थांबा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, अगदी आपल्या. टरफलं टाकायला रिकामी पिशवी हाताशी ठेवा, आणि शेंगांची कागदी पिशवी मांडीवर घेऊ नका, ती खालून गळते.